विश्लेषण : मोबाइल इंग्रजीत, बोलणे मराठीत! उपनगरांतील ग्राहक जाहिरातदारांना का कळत नाही?

मुंबईतील दुकानांच्या मराठी पाट्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ च्या अखेरीस मार्गी लागला. पण बोरिवली, मुलुंड, अंधेरी किंवा घाटकोपरमधील ग्राहक आता बरीचशी खरेदी कोणतीही पाटी न बघताच करतो. किराणा, औषधे, मुलांची शिकवणी, विमा, कर्ज असे बरेच काही मोबाइलच्या पडद्यावर ठरते. हा पडदा अनेकदा इंग्रजीत असतो, त्यावरची जाहिरात हिंदीत असते आणि ती पाहून घरात होणारी चर्चा मराठीत असते. या तीन भाषांच्या फटीत ग्राहक कुठे हरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो?

पाटीचा कायदा पडद्याला का लागू नाही?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात मार्च २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना तोवर मिळणारी पळवाट त्यामुळे बंद झाली. पाटीवरची मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असेही ठरले. व्यापाऱ्यांच्या संघटनेने याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपताच महापालिकेची पथके रस्त्यावर उतरली. आज अंधेरी स्थानकाबाहेर उभे राहिले तर परदेशी कॉफीच्या दुकानापासून चष्मेवाल्यापर्यंत बहुतेकांची नावे देवनागरीत दिसतात.

पण हा कायदा भिंतीवरच्या पाटीचा आहे. त्याच दुकानाचे अ‍ॅप, तिथून येणारा संदेश, परतफेडीची अट सांगणारी खिडकी यांच्या भाषेबद्दल तो काही बोलत नाही. ती भाषा कंपनीच्या विपणन विभागात ठरते. तिथे मराठीचा विचार किती उशिरा होतो, हे २०२० मध्ये दिसले. अ‍ॅमेझॉनने भारतात २०१८ मध्ये हिंदी आणली होती. सप्टेंबर २०२० मध्ये तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम आल्या. फ्लिपकार्टनेही त्याच वर्षी हिंदीच्या जोडीला तमिळ, तेलुगू आणि कन्नड दिल्या. मराठी दोन्हीकडे नव्हती. २०११ च्या जनगणनेनुसार ती ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे आणि हिंदी, बंगालीनंतर देशात तिसरी आहे.

महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मोहीम उघडली, शहरात फलक लागले, प्रकरण दिंडोशीच्या न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीच्या ठिकाणांची तोडफोडही झाली. तोडफोडीचे समर्थन करता येणार नाही. अ‍ॅमेझॉनवर मराठी सप्टेंबर २०२१ मध्ये आली. मात्र प्रश्न असा की, ज्या कंपन्यांकडे ग्राहकाच्या प्रत्येक क्लिकची नोंद असते, त्यांना देशातल्या सर्वांत श्रीमंत बाजारपेठांपैकी एकीची भाषा दिसली कशी नाही? यामागचे गणित उघड आहे. चेन्नईतील ग्राहकाला हिंदी दाखवली तर तो अ‍ॅप बंद करतो, मुंबईतील मराठी ग्राहक चालवून घेतो. जो चालवून घेतो त्याच्यासाठी खर्च करण्याची घाई कोणाला नसते.

हा ग्राहक नेमका कोण?

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी शहरापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजारांहून अधिक होती. म्हणजे बृहन्मुंबईतील दर चारपैकी तीन माणसे उपनगरांत राहत होती. त्याच जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख आणि हिंदी सांगणारे सुमारे ३६ लाख होते. आधीच्या दहा वर्षांत मराठीचा आकडा किंचित घटला, तर हिंदीचा ४० टक्क्यांच्या आसपास वाढला. ‘मुंबई म्हणजे हिंदी बाजारपेठ’ हा समज अशा वाढीच्या टक्केवारीतून पक्का होतो. पण ४४ लाख म्हणजे गोव्याच्या तेव्हाच्या लोकसंख्येच्या तिप्पट माणसे. एवढा मोठा वर्ग ‘हिंदीत भागते’ म्हणून बाजूला ठेवणे हा धंद्याच्या दृष्टीनेही विचित्र निर्णय आहे.

भागते, हे मात्र खरे. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये गुजराती दुकानदार आणि मराठी गिऱ्हाईक पिढ्यानपिढ्या एकमेकांशी बोलत आले आहेत. त्यात हिंदी, गुजराती आणि मराठी यांची सरमिसळ असते. अंधेरीतील कार्यालयात इंग्रजी, रिक्षात हिंदी, सोसायटीच्या बैठकीत मिळेल ती भाषा आणि घरी मराठी, असा हा दिवस असतो. शिवाय बोरिवली, दहिसर, भांडुप, कांजूरमार्ग इथल्या अनेक घरांचा एक पाय कोकणात किंवा घाटावर असतो. त्यांच्या मोबाइलमध्ये गावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण कधी उघडते इथपासून देवळाच्या वर्गणीपर्यंत सगळे त्या ग्रुपवर चालते आणि ते मराठीत, कधी मालवणीत चालते. या माणसाला हिंदी येत नाही असे नाही. कोणत्या कामासाठी कोणती भाषा, हे त्याचे ठरलेले असते. जाहिरातदाराला नेमकी हीच गोष्ट ओळखायची असते.

मग फोनच इंग्रजीत का असतो?

याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा सवयीत सापडते. पहिल्या दशकातल्या साध्या हँडसेटवर देवनागरी धड दिसत नसे. पुढे स्मार्टफोन आले, तरी मराठी संदेशाच्या जागी चौकोन दिसणे, ‘दुसऱ्या’तला अर्धा र तुटणे, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसणे हे प्रकार बराच काळ चालले. प्रत्येक मोबाइलवर भारतीय भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भाषेत लिहिता यावे, असा आदेश केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढला. तोवर रोमन लिपीत मराठी लिहायची सवय बोटांना लागली होती. ‘kadhi’ लिहायचे आणि ‘कधी’ वाचायचे, हे एका पिढीला इतके अंगवळणी पडले की, तिला त्यात वेगळे काही वाटत नाही.

या अडचणीवर एक उत्तम उत्तर याच उपनगरांत शोधले गेले. पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरने ‘स्वरचक्र’ हा मोफत कळफलक तयार केला. त्यात व्यंजने शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. ‘क’वर बोट ठेवले की भोवती चक्र उमटते आणि त्यातून का, कि, की, कु निवडता येते. इंग्रजी कळफलकाची ओळख नसलेल्या माणसालाही तो वापरता येतो. पण फोनसोबत जो कळफलक येतो तोच बहुतेक जण वापरतात. त्यामुळे चांगला पर्याय उपलब्ध असणे आणि तो हाती पडणे यात अंतर राहिले.

दुसरे कारण मराठी मेन्यूची भाषा. फोन मराठीत केला की ‘अधिसूचना’, ‘प्रमाणीकरण’, ‘जतन करा’ असे शब्द समोर येतात. मराठी माणूस बोलताना ‘नोटिफिकेशन आलं’, ‘नंबर सेव्ह कर’ म्हणतो. त्याला आपल्याच भाषेतला मेन्यू परका वाटतो. शिवाय फोन बहुधा दुकानदार किंवा घरातला कॉलेजात जाणारा मुलगा सुरू करून देतो आणि पहिल्या पडद्यावर जी भाषा येते तीच ठेवतो. आईचा फोन इंग्रजीत आहे, याचा अर्थ आईने इंग्रजी निवडली असा होत नाही.

जाहिरातींच्या यंत्रणेला मात्र फोनची भाषा हा मोठा संकेत वाटतो. मराठीत फोन ठेवणारे मोजले की ते थोडे निघतात. मग मराठी जाहिरातीचे अंदाजपत्रकही थोडे राहते. मराठी जाहिरात कमी म्हणून मराठी मजकूर कमी, आणि मजकूर कमी म्हणून फोन मराठीत ठेवण्याची गरज कमी, असे हे चक्र फिरत राहते. त्यात आणखी एक गुंता म्हणजे सामायिक फोन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सुमारे ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. मुंबईतले चित्र यापेक्षा बरे असणार. पण चाळीतल्या घरात एकच चांगला फोन दुपारी आईकडे, संध्याकाळी मुलीकडे आणि रात्री वडिलांकडे असणे आजही नवलाचे नाही. यंत्रणेच्या लेखी तो एकच ग्राहक असतो आणि तो दुपारी पाककृती, संध्याकाळी गणित आणि रात्री कुस्ती बघतो.

अमेरिकेत असे काय घडले?

दोन भाषांत जगणाऱ्या समाजाला जाहिरातदार कसे चुकीचे वाचतात, याचे जगातले सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतील स्पॅनिशभाषक वंशाच्या लोकांचे, अर्थात हिस्पॅनिकांचे आहे. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २० लाखांच्या पुढे गेली. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१९ च्या पाहणीत हिस्पॅनिक प्रौढांपैकी २५ टक्के इंटरनेटसाठी केवळ स्मार्टफोनवर अवलंबून होते, कारण त्यांच्या घरी ब्रॉडबँड जोडणी नव्हती. गोऱ्या अमेरिकनांत हे प्रमाण १२ टक्के होते. २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांचे प्रमाण हिस्पॅनिकांत ४६ टक्के, तर गोऱ्यांत १६ टक्के आढळले. त्यांच्यातील अनेक जण कामावर इंग्रजी आणि आजीशी स्पॅनिश बोलतात.

‘त्यांना इंग्रजी येते, मग स्पॅनिश जाहिरात कशाला’ हा प्रश्न तिथे अनेकदा विचारला गेला. पण भाषा समजणे वेगळे आणि ती आपली वाटणे वेगळे. फोनवर अवलंबून असलेल्या ग्राहकाला संगणकासाठी बनवलेले संकेतस्थळ दाखवले की तो अर्ज अर्ध्यात सोडतो. मायदेशी नातेवाइकांशी जोडलेला ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर असतो, ईमेलवर नाही. मुंबईशी याची तुलना ताणू नये. हिस्पॅनिक समाज तिथे अल्पसंख्य आहे, मराठी समाज इथे स्वतःच्या राज्यात आहे. तरीही भाषेचा प्रश्न दोन्हीकडे एकाच चुकीतून उभा राहतो : ग्राहकाला दुसरी भाषा येते, हे त्याच्या सोयीपेक्षा कंपनीच्या सोयीसाठी वापरले जाते.

मिस्ड कॉल ते रील...

मुंबईकरांच्या मोबाइल सवयी पैशांनी घडवल्या आहेत. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि त्यातून मिस्ड कॉल ही खास भारतीय भाषा जन्माला आली. ‘स्टेशनला पोचलो की मिस्ड कॉल देतो’ हे वाक्य उपनगरांत रोजचे झाले. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे खाली उभा आहे, असे संकेत प्रत्येक घराचे आणि प्रत्येक मित्रांच्या कट्ट्याचे वेगळे होते.

ही सवय नीट वाचणारी एक कंपनी अंधेरीत होती. हिंदुस्थान युनिलिव्हरचे मुख्यालय अंधेरी पूर्वेला आहे. तिने २०१३ मध्ये बिहार-झारखंडात ‘कान खजूरा टेसन’ सुरू केले. ग्राहकाने एका क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा, मग उलट कॉल येऊन मोफत गाणी आणि विनोद ऐकू येणार, आणि मध्ये साबण-पावडरच्या जाहिराती. टीव्ही नाही, वीज बेभरवशाची, पण हातात साधा फोन आहे, हे ओळखून आणि ग्राहकाच्या खिशातला एक पैसाही न घेता केलेले हे काम होते. २०१४ च्या कान जाहिरात महोत्सवात त्याला पारितोषिके मिळाली. बंगळूरुची ‘झिपडायल’ ही मिस्ड कॉलवर धंदा उभारणारी कंपनी जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली. त्यानंतर वीस महिन्यांत, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले. महिनाभर पुरवून वापरायचा एक जीबी डेटा आता दिवसाचा झाला. मिस्ड कॉलची गरज संपली, सगळे व्हिडीओकडे वळले.

पण पैशांचे गणित संपलेले नाही, ते फक्त दिसेनासे झाले आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा २८ दिवसांचा २३९ रुपयांचा रिचार्ज २९९ रुपयांवर गेला. २८ दिवसांचा ‘महिना’ धरला की वर्षात तेरा वेळा पैसे भरावे लागतात. चौघांच्या घराने चार फोनवर हाच रिचार्ज मारला तर वर्षाचे साडेपंधरा हजार रुपये होतात. म्हणून घरातल्या आजोबांचा फोन अनेकदा फक्त येणाऱ्या कॉलपुरता जिवंत ठेवला जातो. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएससाठी वेगळे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले ते अशाच ग्राहकांसाठी. ‘आता सगळेच ऑनलाइन आहेत’ असे धरून चालणाऱ्या जाहिरातदाराला हे आजोबा दिसत नाहीत. त्यांच्याकडे निवृत्तिवेतन असते, औषधांचा खर्च असतो आणि घरातल्या मोठ्या खरेदीत त्यांचा शब्दही असतो.

लोकलमधला एक तास

बोरिवलीहून चर्चगेट किंवा मुलुंडहून सीएसएमटी हा साधारण तासाभराचा प्रवास. उपनगरी ग्राहक मोबाइलवर सर्वाधिक निवांत असतो तो याच वेळेत, जर त्या गर्दीला निवांत म्हणता येत असेल तर. पूर्वी या तासात पत्त्यांचे डाव, भजने आणि घडी घातलेले वर्तमानपत्र होते. भजने अजून आहेत, बाकीची जागा फोनने घेतली. मुंबईतच तयार झालेले ‘एम-इंडिकेटर’ अनेकांच्या फोनमधले सर्वांत जुने अ‍ॅप असेल. ते रुजले कारण लोकलचे वेळापत्रक इंटरनेटशिवाय उघडत असे आणि लोकलच्या प्रवाशाला नेमके तेच हवे होते.

तिकिटाचीही तीच गोष्ट. रेल्वेचे यूटीएस अ‍ॅप स्थानकाच्या हद्दीत तिकीट काढू देत नसे. फलाटावर तपासनीस दिसल्यावर तिकीट काढणारे बहाद्दर निघतील, हे रेल्वेने ओळखले होते. त्यामुळे रिक्षात, स्कायवॉकवर, रस्ता ओलांडताना अ‍ॅप उघडण्याची सवय लागली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिने २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट द्यायला सुरुवात केली. नवे अ‍ॅप उतरवून घ्यायला न सांगता, आधीच फोनमध्ये असलेल्या ठिकाणी सेवा नेणे हा साधा शहाणपणा होता. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेचे ‘रेलवन’ आले, तेही अनेक अ‍ॅपचे ओझे एका जागी आणण्यासाठीच.

जाहिरातदारांसाठी यात ऐकण्यासारखे बरेच आहे. एका हाताने कडी धरलेला माणूस अर्ज भरत नाही. तो अंगठ्याने पडदा सरकवतो. कानात इअरफोन नसेल तर आवाज बंद असतो, म्हणजे जाहिरातीतले सगळे बोलणे वाया जाते आणि उरतात ती खालची अक्षरे. ती अक्षरे मराठीत असतील तर गर्दीतही वाचली जातात. लोकलमध्ये पाहिलेली वस्तू लगेच विकत घेतली जात नाही. ती घरी दाखवायची म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली जाते आणि रात्री जेवताना तिच्यावर चर्चा होते. क्लिक अंधेरीला झाली, निर्णय बोरिवलीत स्वयंपाकघरात झाला. कंपनीच्या अहवालात यातली फक्त पहिली गोष्ट नोंदली जाते.

खरे विपणन कुठे चालते?

ज्यांना विपणनाचे शिक्षण नाही त्यांनी हा ग्राहक केव्हाच ओळखला आहे. मुलुंड किंवा बोरिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई सकाळी नऊच्या आत व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर ‘आज : भरली वांगी, टोमॅटो सार’ एवढेच टाकते. दिवाळीआधी तीन आठवडे सोसायटीच्या ग्रुपवर फराळाचे दरपत्रक फिरते आणि त्याखाली ‘गेल्या वर्षीची चकली छान होती, या वेळी अर्धा किलो जास्त’ असा संदेश येतो. हा संदेश कोणत्याही पैसे घेऊन केलेल्या शिफारशीपेक्षा भारी ठरतो, कारण तो लिहिणारी तिसऱ्या मजल्यावर राहते. व्यवहार मराठीत होतो, पैसे यूपीआयने जातात आणि यात एकही जाहिरात संस्था नसते.

मोठ्या कंपन्यांनी ही जागा हेरली नाही असे नाही. जिओमार्टने एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीतच नवी मुंबई, ठाणे आणि कल्याणमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून किराण्याची मागणी घेण्याचा प्रयोग केला. आता बँका, रुग्णालये, शिकवण्या सगळ्यांचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. फरक एवढाच की, शेजारीण उत्तर देते आणि कंपनीचे खाते ‘पर्याय १ निवडा’ म्हणते. पूर्वी एसएमएसचा जो उकिरडा झाला तोच व्हॉट्सअ‍ॅपचा होण्याच्या वाटेवर आहे.

मराठी जाहिरात असते, पण ती मराठी असते का?

मराठीत आलेल्या अनेक जाहिराती हिंदीवरून उतरवलेल्या असतात आणि ते पहिल्या ओळीतच कळते. ‘मुंबई मध्ये’, ‘तुमच्या साठी’ असे तोडलेले शब्द ही त्यांची खूण. हिंदीत ‘में’ आणि ‘के लिए’ वेगळे लिहितात, मराठीत ‘मुंबईत’ आणि ‘तुमच्यासाठी’ हे जोडून येतात. ‘मोफत मध्ये मिळवा’ असे कोणी बोलत नाही, ‘फुकट’ किंवा ‘मोफत मिळवा’ म्हणतात. ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला तर ‘बाळ’चे ‘बाल’ होते आणि बाळाच्या तेलाची जाहिरात वाचणारी आजी तिथेच थांबते. अशा भाषांतराने ग्राहक जवळ येत नाही. आपल्याला दुय्यम माल दिला जातो आहे, एवढेच त्याला कळते. त्यापेक्षा नीट इंग्रजी परवडले.

दुसऱ्या टोकाला, पुस्तकी मराठीही तितकीच परकी. ‘ओटीपी’ला ‘एकवेळ संकेतांक’ म्हटले की वृद्ध ग्राहक गोंधळतो, कारण बँकेतला कर्मचारी त्याच्याशी बोलताना ‘ओटीपी’च म्हणतो. लोक ज्या मिश्र पण व्याकरणाने पक्क्या मराठीत बोलतात ती लिहायला माणूस लागतो, भाषांतराचे यंत्र पुरत नाही. गुगलचा बोलका सहायक २०१८ मध्ये मराठी बोलू लागला, तेव्हापासून लिहिता न येणाऱ्यांनाही फोनशी मराठीत बोलण्याची वाट मोकळी झाली. घरकाम करणारी बाई व्हॉइस मेसेज पाठवते, भाजीवाल्याचा साऊंडबॉक्स जमा झालेली रक्कम बोलून सांगतो. ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या या जागी मराठीची अडचण लिपीमुळे उरलेली नाही. तिथेही हिंदीच ठेवायची की नाही, हा आता निव्वळ कंपनीच्या इच्छेचा प्रश्न आहे.

ग्राहकाचे नुकसान काय होते?

साबण कोणत्या भाषेत विकला याने ग्राहकाचे फारसे बिघडत नाही. कर्ज, विमा आणि आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गण्या यांत बिघडते. न समजलेल्या अटीखाली ‘मान्य आहे’ हे बटण दाबले जाते आणि हप्ता कापला गेल्यावर घरात भांडण होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्या निषिद्ध ठरवल्या. गुपचूप टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत, बाहेर पडण्याची अवघड वाट हे सगळे त्यात आहे. पण क्लृप्ती ओळखायला आधी वाक्य समजावे लागते.

रिझर्व्ह बँकेने हे जाणले. १५ एप्रिल २०२४ च्या तिच्या परिपत्रकानुसार किरकोळ कर्जदाराला व्याज, शुल्क आणि एकूण खर्च सांगणारे मुख्य तथ्य विवरण त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना ते लागू आहे. मुलुंडमधील कर्जदार हे विवरण मराठीत मागू शकतो. किती जण मागतात, हा वेगळा भाग. कर्ज मंजूर होण्याच्या घाईत भाषेचा आग्रह धरणे अनेकांना आगाऊपणा वाटतो.

फसवणूक करणाऱ्यांना मात्र भाषेचे मोल चांगले कळते. ‘वीज आज रात्री कापली जाईल’ हा संदेश असो की ‘डिजिटल अटक’ची धमकी, ती ऐकणाऱ्याला घाबरवेल अशाच भाषेत येते. खरी बँक इंग्रजीत आणि भामटा मराठीत बोलू लागला तर भरवसा कोणावर बसेल, हे सांगायला नको. प्रामाणिक जाहिरातदाराचेही यात थेट नुकसान होते, कारण एकदा फसलेला ग्राहक पुढचा प्रत्येक संदेश न वाचता पुसतो. ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलून व्यावसायिक एसएमएसच्या नावामागे इंग्रजी अक्षर लावायला सांगितले. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. नकोशा जाहिरातींची तक्रार १९०९ वर, सायबर फसवणुकीची १९३० वर करता येते. ही अक्षरे कशासाठी आहेत, हे सांगणारी मोहीम मराठीत जोरात व्हायला हवी होती, ती झालेली दिसत नाही.

पुढे काय?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्राहकाची माहिती गोळा करण्यापूर्वी दिली जाणारी सूचना आणि संमतीची विनंती त्याला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, असे हा कायदा सांगतो. त्या अनुसूचीत मराठी आहे. कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली आहे, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या आसपास हा पर्याय प्रत्येक अ‍ॅपला द्यावा लागेल. ‘आमचे मराठी ग्राहक फारसे नाहीत’ हे कारण तेव्हा चालणार नाही, कारण हक्क ग्राहकसंख्येवर अवलंबून नाही.

या सक्तीतून कंपन्यांना एक गोष्ट फुकट मिळेल. संमतीच्या पडद्यावर किती जण स्वतःहून मराठी निवडतात, हा आकडा फोनच्या मेन्यूपेक्षा खरा असेल. मात्र तो पर्याय ठळक जागी ठेवला तर. कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, तीन क्लिकच्या आत दडवला तर तोही आकडा लहानच येईल आणि पुन्हा ‘मागणी नाही’ असे म्हणायला मोकळीक मिळेल. संमतीच्या सूचनेखाली जे असते, म्हणजे वस्तूचे वर्णन, परत करण्याची अट, तक्रारीचा रकाना, ते मराठीत देण्याची सक्ती या कायद्यात नाही. राज्याच्या पाट्यांच्या कायद्यातही नाही.